जागा आपली, होर्डिंग त्यांचं, जबाबदारी कोणाची?

भाकऱ्या थापता थापता ऐकत असाल, तर हात चालू द्या, फक्त कान इकडे असू द्या. आज मी कर्जाच्या हप्त्याबद्दल बोलणार नाही. आज बोलायचंय रस्त्याकडेच्या पाट्यांबद्दल, होर्डिंगबद्दल आणि त्यांच्यावर रात्रभर जळणाऱ्या दिव्यांबद्दल. तुम्ही म्हणाल, हा विषय शहराचा, आपलं त्यात काय? मलाही तसंच वाटायचं. पण आपलं सोमाटणे जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर आहे. शहर आपल्याकडे यायच्या आधी त्याच्या जाहिराती येतात. फाट्यावर उभं राहून मान वर करा, म्हणजे कळेल.

झालं असं, की मागच्या मासिक बैठकीत आमच्या गटातल्या एक काकू पिशवीतून कागद काढून बसल्या. रस्त्याच्या कडेला त्यांचा तीन गुंठ्यांचा तुकडा आहे. भाताला निरुपयोगी, नुसता मुरूम. गाडीतून एक माणूस आला आणि म्हणाला, "काकू, इथं आमचा बोर्ड उभा करू द्या. तुम्हाला काही करायचं नाही. वर्षाचं भाडं घरबसल्या मिळेल." भाड्याचा आकडा ऐकून बैठकीत सगळ्या गप्प झाल्या. दोन म्हशींच्या दुधाला वर्षभर राबून जेवढं सुटतं, तेवढा तो आकडा होता. काकूंचा मुलगा म्हणत होता, लगेच सही कर. काकू मात्र मला म्हणाल्या, "ताई, तू बीए झालीस ना, मग हे वाचून सांग." मी वाचलं. दोन पानांच्या कागदात बोर्ड पडला तर काय, याबद्दल एक ओळसुद्धा नव्हती.

आणि मला किवळे आठवलं.

तुम्हालाही आठवत असेल. १७ एप्रिल २०२३ची संध्याकाळ. आपल्यापासून काही किलोमीटरवर, पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत किवळे इथं, महामार्गाच्या सेवा रस्त्याला एक मोठं होर्डिंग होतं. वळवाचं वादळ सुटलं, पाऊस आला. कामावरून निघालेली माणसं आडोशाला एका पंक्चरच्या दुकानापाशी थांबली. होर्डिंग त्यांच्यावर कोसळलं. पाच जण गेले. पाचांपैकी चार बायका होत्या. पावसापासून वाचायला माणूस ज्याच्या आडोशाला जातो, तेच अंगावर आलं. होर्डिंगला परवानगी नव्हती. नंतर गुन्हा दाखल झाला, तो होर्डिंग उभारणाऱ्यांवर आणि ज्यांच्या जागेत ते उभं होतं त्यांच्यावरही.

जागा दिली म्हणजे नुसतं भाडं घ्यायचं, बाकी काही संबंध नाही, असं समजू नका. म्हणून हा विषय आपला आहे.

आता शहरात हे सगळं कसं चालतं ते समजून घेऊ. महापालिकेत एक खातं असतं, त्याचं नाव मोठं गमतीचं आहे: आकाशचिन्ह व परवाना विभाग. आकाशचिन्ह म्हणजे ग्रह-तारे नव्हेत. रस्त्यावर उभं राहून वर पाहिलं आणि पाटीच्या मागे आभाळ दिसलं, तर ते आकाशचिन्ह. म्हणजे खांबावरचं होर्डिंग, गच्चीवर उभारलेली जाहिरात, इमारतीच्या डोक्यावरची मोठाली अक्षरं. अशा वस्तूला आयुक्तांची लेखी परवानगी लागते. मुंबई महापालिकेचा कायदा १८८८चा आहे आणि बाकीच्या महापालिकांचा १९४९चा. दोन्हींत ही परवानगी कायमची मिळत नाही, ठरावीक मुदतीची असते. मुदत संपली की नव्यानं घ्यावी लागते. आणि परवानगी घेतली एका आकाराची, मग त्यात परस्पर भर घातली, तर ती परवानगी टिकत नाही. २०२२ साली राज्य सरकारनं महापालिकांसाठी आकाशचिन्हं आणि जाहिरातींचे वेगळे नियमही काढले.

दुकानावरची साधी नावाची पाटी वेगळी धरली जाते. ज्या जागेत धंदा चालतो, त्याच जागेवर त्याच धंद्याची पाटी लावली, ती आभाळात उंच उभारलेली नसली आणि तिच्यात दिवे नसले, तर कायदा तिच्याकडे नरमाईनं बघतो. पण त्याच पाटीत दिवे घातले, की ती प्रकाशित जाहिरात झाली, आणि तिथं परवानगीचा प्रश्न येतो. म्हणजे बघा, पाटी किती मोठी, किती उंच, कुणाच्या जागेत आणि उजेडाची की बिनउजेडाची, या चार गोष्टींवर सगळं ठरतं.

तिसरा प्रकार फ्लेक्सचा. वाढदिवस, दहावीचा निकाल, नेत्याचं स्वागत, सेल. यात आम्हीही चुकलोय, ते कबूल करते. एका दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी मिळाव्यात म्हणून गटानं दोन फ्लेक्स छापले आणि जवळच्या शहरात विजेच्या खांबांना बांधले. दुसऱ्या दिवशी खांब मोकळे. आम्ही खूप चिडलो, चकलीच्या भाजणीचे पैसे त्यात गेले होते. नंतर कळलं, की चूक आमचीच होती. महाराष्ट्रात १९९५चा मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक कायदा आहे. सार्वजनिक ठिकाणी परवानगीशिवाय असं काही लावलं, रंगवलं, चिकटवलं, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आमचे नुसते फ्लेक्सच गेले, हे नशीब.

या बेकायदा फलकांविरुद्ध उच्च न्यायालयात गेली ती साताऱ्याची एक संस्था, सुस्वराज्य फाउंडेशन. ३१ जानेवारी २०१७ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं निकाल दिला आणि बेकायदा फलक काढा, ते लागू नयेत म्हणून यंत्रणा उभी करा, लोकांच्या तक्रारी घ्या, असं पालिकांना बजावलं. निकाल झाला, पण फलक गेले नाहीत, हे तुम्ही-आम्ही रोज बघतो. चेन्नईत सप्टेंबर २०१९मध्ये स्कूटरवरून घरी निघालेल्या २३ वर्षांच्या मुलीवर रस्त्यातला एक बॅनर पडला. ती खाली पडली आणि मागून टँकर आला. बॅनर होता एका लग्नाचा. कुणाच्या तरी घरी मंगलकार्य, म्हणून दुसऱ्याच्या घरी सुतक.

आता हे पडतं का, ते सांगते. यात इंजिनिअरिंग आहे, पण आपल्याला न कळण्यासारखं काही नाही. धान्य वारवताना सूप वाऱ्याला आडवं धरलं तर हात मागे ढकलला जातो, उभी कड वाऱ्याकडे केली तर काही वाटत नाही. ओली गोधडी दोरीवर असेल आणि वारा सुटला, तर कधी कधी दोरीच तुटते. होर्डिंग म्हणजे आभाळात टांगलेली तशीच गोधडी. वारा तिच्यातून आरपार जात नाही.

४० फूट रुंद आणि २० फूट उंच बोर्ड धरा. आठशे चौरस फूट झाला, म्हणजे आपल्याकडच्या दीड-दोन घरांएवढा. इमारती बांधताना पुण्याच्या भागासाठी वाऱ्याचा वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी साधारण १४० किलोमीटर धरायचा असतो. एवढ्या वाऱ्यात त्या बोर्डावर कमीत कमी सात टनांचा रेटा येतो. तो रेटा आडवा येतो, आणि तो सगळा सांभाळायचा असतो खालच्या काँक्रीटनं आणि बोल्टांनी. अजून एक लक्षात ठेवा. वारा दुप्पट झाला की जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. म्हणून दहा वर्षं उभा असलेला बोर्ड एका संध्याकाळी जातो.

मुंबईत घाटकोपरला १३ मे २०२४ रोजी काय झालं, ते आपण टीव्हीवर पाहिलं. पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळून १७ जण गेले. मुंबई महापालिका ४० बाय ४० फुटांपर्यंतच परवानगी देते, आणि ते होर्डिंग होतं १२० बाय १२० फुटांचं. ऐकताना तिप्पट वाटतं. पण गुणून बघा. ४० गुणिले ४० म्हणजे सोळाशे. १२० गुणिले १२० म्हणजे चौदा हजार चारशे. नऊ पट. वाऱ्याचा रेटाही नऊ पट. आकाराचा नियम कागदासाठी नसतो, तो या गुणाकारासाठी असतो. ती जागा रेल्वे पोलिसांच्या ताब्यातली होती, त्यामुळे परवानगी नक्की कुणाची लागते, यावर आधीपासून वाद होता. पुण्यातही ५ ऑक्टोबर २०१८ रोजी जुन्या बाजारापाशी रेल्वेच्या जागेतलं होर्डिंग काढण्याचं काम चालू असताना त्याचा सांगाडा सिग्नलला थांबलेल्या गाड्यांवर पडला आणि चार जण गेले. "हे आमच्या हद्दीत नाही" असं दोघंही म्हणू लागले, की समजायचं, तिथं धोका आहे.

आणि हीच गोष्ट आपल्या गावांची. सोमाटण्यात महापालिका नाही, ग्रामपंचायत आहे. पण गाव पीएमआरडीएच्या हद्दीत येतं. पुणे महानगर प्रदेशासाठी २०१५मध्ये हे प्राधिकरण झालं. शेजारी तळेगाव दाभाडेला नगरपरिषद, पलीकडे देहूरोडला छावणी मंडळ, किवळ्यापासून पिंपरी-चिंचवड महापालिका. दहा-बारा किलोमीटरच्या रस्त्यात चार वेगळी कार्यालयं. त्यात महामार्गाची स्वतःची हद्द असते, आणि तिथलं अतिक्रमण काढायला २००२चा राष्ट्रीय महामार्गांचा वेगळा कायदा आहे. म्हणून कुणी येऊन म्हणालं, की "ग्रामपंचायतीची एनओसी आहे, बास", तर बास नाही. ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला आणि पीएमआरडीएची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता उजेडाकडे येऊ. होर्डिंगवर मोठे दिवे असतात. शहरात आता पडदेच लावतात, सिनेमासारखी चित्रं हलतात. मोटार वाहन कायदा १९८८मध्ये एक तरतूद आहे. वाहतुकीची खूण झाकणारी, त्या खुणेसारखी दिसून फसवणारी किंवा चालकाचं लक्ष विचलित करणारी पाटी किंवा जाहिरात काढायला लावता येते. फाट्यावर रात्री रस्ता ओलांडताना समोरच्या चालकाचे डोळे दिपलेले असतील, तर त्याला आपण दिसत नाही. आपल्याला वाटतं, एवढा लख्ख उजेड आहे, त्याला दिसत असेलच. तसं नसतं. दिव्याचं तोंड खाली, जमिनीकडे असेल तर माणूस दिसतो. दिव्याचं तोंड डोळ्यांकडे असेल तर फक्त दिवा दिसतो.

पिकांचंही सांगते, कारण आपण भातवाले. सोयाबीन आणि भाताच्या बऱ्याच जुन्या जाती रात्र किती मोठी, यावरून फुलोऱ्याची वेळ ओळखतात. शेतावर रात्रभर प्रखर दिवा पडत राहिला, तर पिकाला रात्र झालीच नाही असं वाटतं आणि फुलोरा लांबतो. दिव्याजवळचा पट्टा हिरवा राहिला आणि बाकीचं शेत निसवलं, असं दिसलं तर खताला दोष देऊ नका, आधी वर बघा.

आणि काजवे. आपल्या मावळात, राजमाचीकडे मे-जूनमध्ये पहिल्या पावसाच्या आसपास झाडंच्या झाडं लुकलुकतात. ती लुकलुक म्हणजे नर-मादीचं एकमेकांना हाक मारणं आहे. बाजूला मोठा दिवा असेल तर ती हाक पोचत नाही. आमच्या आजीच्या काळी काजवे बघायला कुणी राजमाचीला जात नव्हतं, ते दारातच असायचे.

उजेडाला शिस्त लावता येते, याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. नागपूरकडच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे राखीव काळोखाचं आभाळ, अशी मान्यता मिळाली. त्यासाठी सिल्लारी, पिपरिया, खापा अशा गावांतले दिवे बदलले आणि त्यांची तोंडं खाली केली. गावं अंधारात ठेवली नाहीत, उजेड हवा तिथं पाडला. फ्रान्समध्ये २०१३पासून नियम आहे, की दुकानांच्या काचेमागचे दिवे रात्री उशिरा, एकच्या सुमारास बंद करायचे. ब्राझीलमधल्या साओ पावलो या अफाट शहरानं तर २००७मध्ये रस्त्यावरच्या जाहिरातींवरच बंदी आणली. धंदा काही बंद पडला नाही, शहर चालूच आहे.

मी अंधाराच्या बाजूनं बोलत नाही, हे नीट ऐका. बसमधून उतरून वस्तीवर चालत जाताना अंधार म्हणजे काय, हे आपल्या पोरींना विचारा. मला चीड याची येते, की फाट्यावर रिकाम्या फ्लॅटच्या जाहिरातीवर पहाटेपर्यंत आठ-आठ दिवे, आणि त्याच्या मागून वस्तीकडे जाणाऱ्या वाटेवर एकही नाही. वीज आहे, दिवे आहेत, फक्त ते चुकीच्या जागी आहेत. गावात दिवाबत्तीची सोय करणं हे ग्रामपंचायतीचं काम आहे. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते, तो आपला हक्क आहे. तिथं नुसतं "लाईट द्या" म्हणू नका. कुठल्या खांबापासून कुठल्या घरापर्यंत अंधार आहे, ते लिहून द्या, आणि दिव्याचं तोंड खाली ठेवा, हेही लिहा. ठरावाची नक्कल मागून घ्या.

आता तुमच्या स्वतःच्या धंद्याच्या पाटीबद्दल. गिरणी, शिलाई, खानावळ, पापड, जे असेल ते. पाटी मराठीत, देवनागरीत हवी. दुकानं व आस्थापनांचा कायदा २०१७चा आहे. २०२२च्या दुरुस्तीनं दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही हे लागू झालं. इंग्रजी लिहायला हरकत नाही, पण मराठी आधी आणि मराठीची अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नकोत. व्यापाऱ्यांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तेव्हा २५ सप्टेंबर २०२३ रोजी न्यायालयानं दोन महिन्यांत पाट्या बदला, असं सांगितलं. आपल्या गटांच्या पाट्या आधीपासून मराठीतच आहेत, इथं आपण शहराच्या पुढे! पाटी आपल्याच भिंतीवर लावा, झाडाला खिळे ठोकू नका, विजेच्या खांबाला हात लावू नका. पत्रा सुटा असेल तर मेअखेरीला तारेनं घट्ट बांधा.

आता परत काकूंकडे. जिच्या जागेवर कुणी बोर्ड मागेल, तिनं काय विचारायचं, ते आम्ही बैठकीत लिहून काढलं. तुम्हीही लिहून घ्या.

पहिलं, परवानगीचा कागद दाखवा. कुणाची परवानगी, किती मुदतीची, किती फुटांची. अर्ज केल्याची पोच म्हणजे परवानगी नव्हे.

दुसरं, स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला. सांगाडा आणि पाया वाऱ्याला टिकतो असा. तो एकदाच नाही, दर वर्षी पावसाळ्याआधी नवा. लोखंडाला गंज लागतो.

तिसरं, जमीन. सातबाऱ्यावर कुणाकुणाची नावं आहेत? सगळ्यांची संमती लागेल. शेतजमिनीवर बोर्ड म्हणजे जमिनीचा वापर बदलला, त्याचं तहसील कार्यालयात विचारून घ्या. महामार्गाची हद्द कुठं संपते, तेही मोजून घ्या.

चौथं, करार. बोर्ड पडून कुणाला इजा झाली तर भरपाई कोण देणार, विमा कुणाच्या नावानं, मुदत संपल्यावर सांगाडा कोण काढणार, विजेचं बिल कुणाचं, दिवे किती वाजता बंद होणार. सगळं लिहिलेलं हवं. तोंडी "काळजी करू नका" याला किंमत नाही.

पाचवं, हे कागदाचं नाही, पायाचं आहे. बोर्ड जमिनीपासून जेवढा उंच, तेवढं अंतर चारी बाजूंनी चालून बघा. पन्नास फूट उंच असेल तर साधारण वीस-पंचवीस पावलं. त्या गोलात घर, गोठा, बसथांबा, शाळेची वाट, चहाची टपरी काही येतं का? येत असेल तर तो बोर्ड तिथं नको. भाडं कितीही असो.

काकूंनी ही यादी त्या माणसाला दाखवली. तो म्हणाला, "बघून सांगतो," आणि अजून आलेला नाही. घरी मुलाची आणि त्यांची बोलाचाली झाली. तो म्हणाला, "दारात आलेला पैसा घालवलास." काकू मला म्हणाल्या, "ताई, त्याचंही खरं आहे गं. पण मी ती पावलं मोजली. बावीसाव्या पावलाला आपला बसथांबा आला. तिथं पावसात कोण कोण उभं राहतं, ते मला माहीत आहे."

मुलाचा राग अजून गेलेला नाही. त्या तुकड्यावर दुसरं काय करता येईल, हा विषय आम्ही पुढच्या बैठकीत घेतलाय. रोपवाटिका, भाजीचा स्टॉल, काय जमेल ते बघू. तुमच्याकडे असं काही केलेलं असेल तर जरूर कळवा.

आणि आज एवढं करा. वादळ सुटलं, पाऊस आला, की होर्डिंगखाली थांबू नका. भिजलात तर भिजा, पदर वाळतो. मुलांनाही हे सांगा. आणि गावातलं एखादं होर्डिंग गंजलेलं, वाकलेलं, फाटून फडफडणारं दिसलं, तर फोटो काढा, तारीख टाका आणि ग्रामपंचायतीत लेखी द्या, पोच घ्या. एकटीनं जायला संकोच वाटला तर गटानं जा. दहा जणी गेल्या की खुर्चीतला माणूस उठून उभा राहतो, हे आपण पाहिलेलं आहे.

येते मी. नमस्कार.